शब्दवेध : सोबत

गडहिंग्लजच्या एसटी स्थानकात संकेश्वरची गाडी लागली, की एकट्या निघालेल्या म्हातारीला कुणीतरी विचारतंच, ‘सोबतीला कोण हाय?’ ही ‘सोबत’ मुळात अरबी ‘सुहबत’, म्हणजे सहवास. फारसीमार्गे ती मराठीत आली. हिंदी-उर्दूत ‘सोहबत’ राहिली. त्याच धातूतून ‘साहिब’ निघाला. त्याचा मूळ अर्थ सोबती, पुढे मालक. आपला ‘साहेब’ तो हाच! सीमेपल्याड, संकेश्वरकडे, कन्नडमध्ये ‘सोबत’ला ‘जोते’ म्हणतात. मराठीत ‘सोबत’ माणसांवरून वस्तूंवरही गेली: ‘आधार कार्ड सोबत आणा’, ‘अर्जासोबत दाखला जोडा’. तरी रात्रीच्या गाडीत शेजारची अनोळखी बाई ‘मी हाय की सोबतीला’ म्हणते, तेव्हा ‘सुहबत’चा मूळ अर्थच बोलत असतो. तो बोलीने जपला आहे, आपणही जपावा.