घरच्या दावतीसाठी साधे कपकेक : साहित्य, प्रमाण आणि लेबलची तपासणी

घरात अकिका असो, मुलाचा पहिला रोजा असो की ईदची संध्याकाळ, लहान मुलांची फर्माईश केकचीच असते. पण बाहेरून आणलेल्या केकमध्ये नेमकं काय पडलंय, ते आपल्याला नीट कळत नाही. त्यात नवी मुंबईत आपण सोसायटीत राहतो. शेजारी कुणाकडे अंडं चालत नाही. आपण पाठवलेली डिश त्यांच्या मुलांना खाता आली नाही, तर आपल्यालाच चुटपुट लागते. म्हणून आम्ही इथे अंड्याचे आणि बिनअंड्याचे, असे दोन्ही कपकेक देत आहोत.

कपकेक म्हणजे एका माणसापुरता, कागदी कपात भाजलेला छोटा केक. मुंबईच्या इराणी बेकऱ्यांमधला मावा केक खाल्लेल्यांना तो काही परका वाटणार नाही.

आधी लेबल वाचा

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे त्यात मांस, अंडं किंवा प्राण्यांची चरबी नाही. अल्कोहोलबद्दल मात्र तो काहीच सांगत नाही. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकतं, म्हणून घटकांची यादी वाचा किंवा सरळ वेलची पूड वापरा. मार्शमॅलो आणि जेलीच्या सजावटीत जिलेटिन असू शकतं. आयएनएस 471 हा घटक वनस्पती किंवा प्राणी, दोन्हींच्या चरबीपासून बनतो. आयएनएस 120 हा लाल रंग किड्यांपासून काढतात. शंका असेल तर ती वस्तू न घेतलेलीच बरी.

अंड्याचे कपकेक (12 नग)

मैदा 150 ग्रॅम, पिठीसाखर 120 ग्रॅम, मऊ लोणी 110 ग्रॅम, अंडी 2, दूध 80 मिली, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, वेलची पूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ.

लोणी आणि साखर फिकट होईपर्यंत फेटा. अंडी एकेक करून घाला. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून, वेलची पूड आणि दुधासोबत हलक्या हाताने मिसळा. कप दोन तृतीयांशच भरा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसवर 18 ते 20 मिनिटे भाजा. मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाली की झालं.

बिनअंड्याचे कपकेक (12 नग)

मैदा 150 ग्रॅम, पिठीसाखर 110 ग्रॅम, ताजं दही 120 ग्रॅम, दूध 80 मिली, तेल 75 मिली, बेकिंग पावडर 1 चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, वेलची पूड अर्धा चमचा.

दही, साखर आणि तेल एकजीव करा. त्यात चाळलेलं कोरडं साहित्य आणि दूध घालून लगेच भाजायला ठेवा. दह्यातला आंबटपणा आणि सोडा मिळून वायू तयार होतो, त्यानेच केक फुगतो. पीठ ताटकळत ठेवलं तर तो वायू उडून जातो. शेजाऱ्यांसाठी करत असाल तर भांडी आणि फेटणी वेगळी घ्या, आणि हा घाणा आधी काढा.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरा, वर स्टँड ठेवा आणि झाकण लावून 10 मिनिटे तापवा. कागदी कप स्टीलच्या वाट्यांत बसवून मंद आचेवर 25 ते 30 मिनिटे भाजा. कुकर वापरायचा असेल तर शिटी आणि रबर काढून ठेवा, आत पाणी घालू नका.

बिघडतात कशामुळे

मैदा जास्त घोटला की केक चिवट होतो. पंधरा मिनिटांच्या आत झाकण किंवा ओव्हन उघडला की मधोमध खचतो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने बेकिंग पावडर मरते. चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तरच वापरा. केक पूर्ण गार झाल्यावरच क्रीम लावा, नाहीतर ते वितळून ओघळतं. क्रीम नको असेल तर भाजण्याआधीच वर पिस्ते-बदामाचे काप घाला. वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये वेलची आणि सुकामेवा दोन्ही मिळतात.

साधे कपकेक हवाबंद डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहतात, क्रीमचे फ्रिजमध्ये ठेवा. आणि शेजारी डिश पाठवताना मुलांकरवी आवर्जून निरोप द्या, “यात अंडं नाही.” त्या एका वाक्याने समोरचा निर्धास्त होऊन खातो.