तांबीची मुदत : बसवली ती आठवते, काढायची राहून जाते

पाळणा लांबवण्यासाठी गर्भाशयात बसवतात ते साधन महाराष्ट्रात ‘तांबी’ आणि भोपाळमध्ये ‘कॉपर-टी’ म्हणून ओळखले जाते. ते सुरक्षित आहे, रोज काही लक्षात ठेवावे लागत नाही. नेमके म्हणूनच ते विसरले जाते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. तांबी नागपूरला किंवा पुण्याला बसते, कागद तिथेच राहतो आणि पुढची वीस वर्षे भोपाळमध्ये जातात.

कोणत्या साधनाची किती मुदत?

- कॉपर-टी ३८० ए : १० वर्षे. सरकारी दवाखान्यांत २००२ पासून ही बसवतात.
- कॉपर-टी ३७५ आणि मल्टीलोड ३७५ : ५ वर्षे.
- मल्टीलोड २५० : ३ वर्षे.
- हार्मोनचे साधन : कार्डावर लिहिलेली मुदत पाहावी.
- लूप : १९६५ पासून सरकारी कार्यक्रमात बसवला जाणारा प्लास्टिकचा वेटोळा. त्यात तांबे नसल्याने ठरावीक मुदत नव्हती. त्यामुळे काही आजींच्या पोटात तो अजूनही असू शकतो.

चाळिशीनंतर बसवलेली तांबी पाळी जाईपर्यंत ठेवता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवावे.

मुदत उलटल्यावर काय होऊ शकते?

मुदत संपली म्हणजे दुसऱ्याच दिवशी धोका, असे नाही. मात्र तांब्याचा परिणाम कमी होत जातो आणि दिवस राहू शकतात. तांबी असताना दिवस राहिले, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेतते.

साधन फार वर्षे राहिले तर अ‍ॅक्टिनोमायसिस नावाचा जंतुसंसर्ग क्वचित होतो. तो हळूहळू ओटीपोटात पसरतो. गाठ, ताप, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात आणि कर्करोगाची शंका येते. कधी साधन गर्भाशयाच्या भिंतीत रुतते, दोरा आत ओढला जातो.

पाळी गेल्यावर गर्भाशय आक्रसते, त्याचे तोंड अरुंद होते. जे काम पूर्वी पाच मिनिटांत झाले असते, त्याला मग भूल द्यावी लागू शकते. म्हणून पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीला एक वर्ष झाले, किंवा पाळी पन्नाशीआधी गेली असेल तर दोन वर्षे झाली, की तांबी काढून घ्यावी.

ताबडतोब कधी दाखवावे?

- पाळी चुकली, किंवा ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखले, चक्कर आली
- दुर्गंधीयुक्त स्राव, ताप
- पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, एकदाच आणि थोडे असले तरीही

शेवटचे लक्षण ‘वयामुळे असेल’ म्हणून अंगावर काढले जाते. ते तांबीमुळे असेल किंवा दुसऱ्या आजारामुळे, तपासणी हवीच.

तारीख आठवत नसेल तर

डॉक्टर आधी दोरा पाहतात. तो दिसला नाही तर सोनोग्राफी, गरज पडल्यास एक्स-रे. जुना लूपही एक्स-रेत दिसतो. ‘दोरा नाही, म्हणजे पडून गेली असेल’ असे गृहीत धरू नये. घरी स्वतः ओढून काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

एरवी तांबी काढणे हे बाह्यरुग्ण विभागातले काम आहे. हवी असल्यास त्याच वेळी नवी बसते. मूल नको असेल तर काढण्याआधीचे सात दिवस संबंध टाळावेत किंवा निरोध वापरावा. भोपाळमध्ये हमीदिया, जयप्रकाश (१२५०) रुग्णालय, एम्स आणि भेलच्या कुटुंबांसाठी कस्तुरबा रुग्णालय येथे स्त्रीरोग विभाग आहेत.

घरात करायची एक गोष्ट

साधनाचे नाव, बसवल्याची तारीख आणि काढायचे वर्ष लिहून कागद आधार कार्डाच्या फाइलीत ठेवा, फोनमध्येही नोंदवा. आणि आई, सासूबाई, आत्या, मावशी यांना एकदा विचारा, “तुम्ही बसवली होती का? काढली का?” संकोचामुळे हा प्रश्न त्या डॉक्टरांपुढेही काढत नाहीत. घरातल्या लेकीसुनेने विचारला, तर उत्तर मिळते.