सिगारेटच्या पाकिटातील चित्रमाला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांतून विकल्या जात. त्या मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. रिचमंड येथील ॲलन अँड जिंटर कंपनीने हा तुकडा जाहिरातीस जुंपला आणि १८८० नंतरच्या दशकात त्यावर रंगीत शिळाछाप चित्रे आली. पुढे ब्रिटनमध्ये विल्स व प्लेयर या कंपन्यांनीही ही पद्धत उचलली.

गिऱ्हाईक बांधले गेले ते मात्र चित्राने नव्हे, मालेने. १८८७ च्या सुमारास निघालेल्या 'जगज्जेते' मालेतील चित्रपत्ता दीड इंच रुंद व पावणेतीन इंच लांब आहे; त्याच्या पाठीवर सर्व ५० जणांची नावे खेळवार छापलेली आढळतात. एक पत्ता मिळताच उरलेले ४९ आपल्यापाशी नाहीत हे कळावे, अशी ही योजना. (भाषाभ्यासकास येथे अपुऱ्या वाक्याची आठवण व्हावी : कर्ता आला, क्रियापद यावयाचे आहे.)

तथापि यादी आली की वर्ग आले. या मालेत बेसबॉलपटू, मल्ल, मुष्टियोद्धे यांच्याबरोबर नेमबाज आहेत, व त्यांत बफेलो बिल कोडी आणि ॲनी ओकली ही दोघे आहेत. त्याच कंपनीने १८८८ मध्ये 'प्रख्यात अमेरिकन इंडियन नायक' ही ५० पत्त्यांची दुसरी माला काढली. सू जमातीचा सिटिंग बुल तीत आहे. वस्तुतः १८८५ साली ही तिघे बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' खेळात एकाच रिंगणात लोकांसमोर येत होती. सिटिंग बुल नेमबाजी करीत नसे, केवळ घोड्यावरून मिरवणुकीत येई, हे खरे. परंतु प्रेक्षकांनी एकत्र पाहिलेल्या या तिघांची पत्त्यांनी फारकत केली : दोघांना कौशल्यावरून स्थान मिळाले, तिसऱ्यास वंशावरून. कंपनीस काही सिद्धान्त मांडावयाचा होता असे मी म्हणत नाही; हे वर्ग तिला तयारच मिळाले होते, आणि म्हणूनच ते इतिहासाच्या अभ्यासकास मोलाचे आहेत. माला निघाली तेव्हा सिटिंग बुल स्टँडिंग रॉक येथील राखीव प्रदेशात राहत होता. डिसेंबर १८९० मध्ये त्यास अटक करण्यास आलेल्या, त्याच्याच लोकांतून भरती केलेल्या सरकारी पोलिसांच्या हातून तो मारला गेला.

१९६३ मध्ये निवर्तलेला संग्राहक जेफरसन बर्डिक याने आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. त्याच्या सूचीत 'जगज्जेते' एन २८ आहेत, 'नायक' एन २. माला जशा निघाल्या तशाच त्याने नोंदविल्या. त्यामुळे एकेक माला स्वतंत्रपणे चाळणाऱ्यास ही फारकत दिसत नाही. त्यासाठी दोन्ही माला शेजारी मांडाव्या लागतात.