आठ आण्यांची विश्रांती

गेल्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाचा आता नऊ महिन्यांचा झालाय आणि ताईची रजा संपून तीन महिने झालेत. तिच्या हापिसातून एक मेल आलं होतं, 'नव्या मातांसाठी सेल्फ-केअर'. आठ तास झोप, रोज अर्धा तास योगा, आठवड्यातून एकदा मैत्रिणींबरोबर कॉफी. ताई म्हणाली, "अरे, ही पण कामांचीच यादी झाली की!"

हसलो खरा, पण डोक्यात किडा शिरला. थकलेल्या आईला विश्रांती द्यायची ती नक्की कशी, याचा विचार पूर्वी कुणी केलाच नसेल का?

आपल्याकडे जुनी सोय होतीच. बाळंतपणाला माहेरी जायचं, सव्वा महिना काम नाही, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. पण त्यासाठी तिचं काम अंगावर घेणारी माणसं घरात लागायची. आणि तिच्या मजुरीवाचून चूल पेटायला हवी.

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका होत्या. कामावर नाही तर पगार नाही. त्यामुळे दिवस भरत आले तरी काम सुरूच. तान्ह्या मुलानं दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी चाटवायचे. आज अंगावर काटा येतो, पण पाळणाघर नाही, रजा नाही, अशा वेळी ती दुसरं काय करणार होती?

आता गंमत बघा. १९१९ मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं ठरवलं होतं की बाळंतपणाआधी आणि नंतर सहा-सहा आठवडे रजा हवी, शिवाय बाळाला पाजायला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास. भारतानं त्यावर सही केली नाही. ना. म. जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, तेही फेटाळलं गेलं.

मग १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात हाच विषय आला. तिथे डॉ. आंबेडकरांनी विधेयकाची बाजू घेतली. त्यांचा मुद्दा अगदी सरळ होता. आईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, तेव्हा तिचा खर्च बराचसा सरकारनं उचलायला हवा. पण तिच्या कामाचा फायदा मालकालाही होतो, मग त्यानंही भार घ्यावा. १९२९ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे.

आठ आणे म्हणजे फार काही नव्हे. पण किती दिवस आणि पैसे कोण देणार, हे दोन्ही लिहिलेलं होतं. बाईनं 'स्वतःसाठी वेळ काढावा' असा उपदेश त्यात नव्हता.

अर्थात बग होताच. खर्च थेट मालकाच्या खिशातून जाणार, म्हणजे बाईला कामावर न ठेवणं त्याला स्वस्त! पुढे गिरण्यांतल्या बायकांची संख्या घटत गेली, त्याच्या अनेक कारणांपैकी हेही एक. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानं त्यावर उपाय केला. सगळ्यांच्या वर्गणीतून पैसा उभा करायचा, म्हणजे बोजा एकावर येत नाही. १९६१ च्या कायद्यात बारा आठवडे आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या आल्या. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. दोन सुट्ट्यांची तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ताईला त्या माहीतच नव्हत्या! मेलमध्येही त्यांचा उल्लेख नव्हता.

एवढं वाचल्यावर वाटलं, घरातही हेच लागू पडतं. "ताई, जरा आराम कर गं" असं मी वर्षभर म्हणतोय. पण तेवढ्या वेळात बाळाकडे कोण बघणार, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणजे ती माझी तरतूद नव्हती, नुसती सूचना होती.

म्हणून फ्रिजवर कागद चिकटवून आलोय. बुधवारी रात्री भाऊजी, शनिवारी चार ते सहा मामा. त्या दोन तासांत ताईनं योगा करावा, झोपावं, की भिंतीकडे बघत बसावं, विचारायचं नाही.

ताई म्हणाली, "बघू किती आठवडे टिकतंय."

असो. पावणेचार वाजले. निघतो.