नीलचे फिले आणि वैतरणेचे अर्नाळा

मिसरच्या पिरॅमिडांविषयी आपले विद्यार्थी भरभरून लिहितात. परंतु नंदाखालपासून जवळच असलेल्या अर्नाळा बेटाविषयी विचारले, तर बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून ही दोन बेटांची हकिकत.

नील नदीतील फिले बेट हे प्राचीन मिसरवासीयांच्या आयसिस देवीचे पवित्र स्थान होय. शेजारच्या बिगा बेटावर तिचा पती ओसायरिस याची कबर असून नीलचा वार्षिक पूर तेथूनच उगम पावतो, अशी त्यांची श्रद्धा होती. शेती सर्वस्वी त्या पुरावर अवलंबून असल्याने ही बेटे पूज्य ठरली. मिसरी चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख इ. स. 394 मध्ये फिलेच्याच मंदिरात कोरला गेला. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने तेथील पूजा बंद झाली. पुढे ती लिपी वाचणाराही कोणी उरला नाही.

आपले अर्नाळा वैतरणेच्या मुखाशी आहे. ही नदी त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागात उगम पावते, आणि मुखाशी या बेटावरील किल्ल्यातही त्र्यंबकेश्वराचेच मंदिर आहे. त्याच तटबंदीच्या आत शाहअली व हाजीअली यांच्या मजारी आहेत. तटाबाहेर कोळी बांधवांची वस्ती आणि कालिकामातेचे मंदिर आहे. पोर्तुगीजांकडून 1737 मध्ये मराठ्यांनी हे बेट घेतले व पहिल्या बाजीरावाच्या काळात किल्ला नव्याने बांधला. इंग्रजांनी तो 1781 मध्ये जिंकला, सालबाईच्या तहानंतर परत केला आणि 1817 मध्ये कायमचा घेतला. राज्ये आली आणि गेली. मंदिर व मजार मात्र आजही एकाच भिंतीच्या आत नांदत आहेत.

अस्वानच्या धरणांमुळे फिलेचे मंदिर पाण्यात जाऊ लागले, तेव्हा युनेस्कोच्या पुढाकाराने त्याचा दगड न् दगड सुटा करून शेजारच्या अगिलकिया बेटावर ते पुन्हा उभारण्यात आले. 1980 मध्ये हे काम पूर्ण झाले. अर्नाळ्याचा किनाराही समुद्राच्या लाटांनी खचत आहे. त्याच्यासाठी जग धावून येईल, अशी वाट पाहून चालणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत होडीने तेथे जा. दरवाजावरील देवनागरी लेख वहीत उतरवून घ्या, मजारी व मंदिरांचा नकाशा काढा, वृद्ध कोळ्यांकडून जुन्या किनाऱ्याच्या खुणा विचारून लिहून ठेवा. वाचणारे उरले नाहीत की दगडही मुके होतात, हे फिलेने आपल्याला शिकविले आहे.