कोरड्या थैलीची कुळकथा

२०२४ च्या ऑक्टोबरात येलहंका येथे एका रात्रीत असा पाऊस कोसळला, की तलाव काठ सोडून वाहू लागला आणि केंद्र सरकारी नोकरांच्या 'केंद्रीय विहार' या वसाहतीतील रहिवाशांना होड्यांत बसवून बाहेर काढावे लागले. २०२१ च्या नोव्हेंबरातही याच वसाहतीत पाणी शिरले होते. तेथून फारशा अंतरावर नसलेल्या एका तळमजल्यावर आमचे एक स्नेही राहतात. नोकरीनिमित्त निम्मा हिंदुस्थान पालथा घातलेले आणि आता सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले हे गृहस्थ. त्यांच्याही घरात गुडघाभर पाणी आले. पाणी ओसरल्यावर जे दृश्य दिसले त्यानेच मला या लेखास प्रवृत्त केले.

सह्याद्रीतील भटकंतीहून परतलेल्या त्यांच्या भाच्याची पाठीवरची पिशवी जमिनीवरच राहिली होती. ती अर्धा दिवस पाण्यात होती. ती उघडली तेव्हा आतून पाच रंगांच्या पाच पातळ थैल्या निघाल्या. एकीत कपडे, एकीत शिधा, एकीत औषधे, एकीत विजेरी आणि तिचा सरंजाम, आणि सर्वांत लहान थैलीत पारपत्र व पैसे. पाचही थैल्या आतून ठणठणीत कोरड्या! आणि कपाटाच्या खालच्या फळीवर, तांबड्या रुमालात बांधलेले, आजोबांनी साताऱ्याकडून आणलेले मोडी कागदांचे बासन मात्र चिंब भिजले होते. इतक्या बदल्यांत ज्या बासनाला धक्का लागला नाही, ते एका रात्रीत पाण्याने गाठले.

"आपल्या लोकांना ही विद्या कधी साधलीच नाही का हो?" स्नेह्यांनी विचारले. प्रश्न उद्वेगाचा होता. परंतु तो मनात घर करून राहिला.

साधली होती, असे मला वाटते, मात्र तुकड्यातुकड्यांनी. वस्तू निरनिराळ्या ठेवणे ही एक कला, व त्या कोरड्या ठेवणे ही दुसरी. आपल्याकडे या दोन्ही कला स्वतंत्रपणे उत्तम वाढल्या. त्यांचे लग्न मात्र फार उशिरा लागले.

पहिलीचा उत्कृष्ट नमुना म्हणजे चंची. आज ती आजोबांबरोबर नाहीशी झाली आहे, म्हणून नव्या पिढीसाठी सांगतो. कापडाची लांबट पट्टी, तिला शेजारी शेजारी शिवलेले कप्पे, एकात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, आणि चुन्याची डबी वेगळी. वापर झाला की पट्टी गुंडाळायची आणि दोरीचे दोन वेढे द्यायचे. अंधारातही बोट नेमके सुपारीवर पडे. घोडेस्वाराची खुर्जी, वाटसरूची पडशी, घोड्याच्या चंदीचा तोबरा, नाणी ठेवण्याचा कमरेचा कसा हे सारे याच कुळातले. ज्याच्या त्याच्या जागी जे ते, म्हणजे घाईच्या वेळी सारे ओझे उपसावे लागत नाही. मात्र पाणी अडविणे हे यांतील एकाचेही काम नव्हते.

दुसरी कला पाण्याशी झुंजण्याची. कोकणात पानांचे इरले, घाटावर घोंगडीची खोळ. लोकर पाणी पिते खरी, पण बेताबेताने, आणि ओली झाली तरी ऊब टाकत नाही. कागद व लखोटे यांसाठी मेणकापड असे. जाड सुती कापडावर वितळलेले मेण चोळून ते बनवीत. पावसाळ्यात जासुदाच्या थैलीवर त्याचे वेष्टण पडे, आणि पुढे कंपनी सरकारच्या डाकेनेही तेच उचलले. मेणकापडाचे दोष उघड होते. थंडीत घडीवर मेण तडकते, उन्हात ते चिकट होते, आणि तडकलेल्या रेषेतूनच पाणी आत उतरते.

परंतु या सर्वांहून चतुर वस्तू म्हणजे पखाल. पाणी वाहून नेणाऱ्या कातडी पिशवीचा संबंध कोरडेपणाशी काय, असे वाचक म्हणतील. जी पिशवी पाणी बाहेर जाऊ देत नाही, तीच पाणी आतही येऊ देणार नाही. कारागिराच्या दृष्टीने प्रश्न एकच आहे. पखालीच्या किंवा भिस्त्याच्या मशकीच्या कारागिराने दोन गोष्टी ओळखल्या होत्या. सुईचे प्रत्येक छिद्र ही पाण्याची वाट असते, म्हणून शिवण शक्य तितकी कमी हवी. मशकीला तर बकऱ्याचे कातडे जवळजवळ अखंडच ठेवीत. आणि खरी लढाई तोंडापाशी असते, म्हणून ते तोंड मुरडून, दुमडून, वादीने आवळावे. तेल-तुपाच्या कातडी बुधल्यांमागेही हेच ज्ञान होते.

आता भाच्याच्या थैलीकडे पाहा. तिच्या तोंडाला एक ताठर पट्टी आहे. आतली हवा दाबून काढायची, तोंड तीनचार वेळा गुंडाळायचे, आणि दोन्ही टोके वळवून चापात अडकवायची. पाण्याला आत यायचे तर प्रत्येक वळणातून वाट काढावी लागते. शिवणींवर आतून पट्टी चिकटवून सुईची छिद्रे बुजविलेली. म्हणजे गुंडाळणे चंचीचे, आणि शिवणीची व तोंडाची काळजी पखालीची.

मग हे लग्न लागायला इतका काळ का लागला? कापडामुळे. कातडे पाणी अडवते, पण जड असते व ओलाव्याने कुजते. मेणकापड हलके, पण तडकते. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉश याने दोन कापडांमध्ये रबराचा थर देण्याची युक्ती काढली. तेही रबर थंडीत ताठ व उन्हात चिकट होई. चार्ल्स गुडइयर याने रबरात गंधक मिसळून ते तापविण्याची रीत शोधली, तिचे पेटंट १८४४ चे. नायलॉन जन्मले १९३५ मध्ये. त्याच्या तलम विणीवर सिलिकॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप बसू लागला, तेव्हाच रुमालाइतकी हलकी आणि पखालीइतकी विश्वासू थैली शक्य झाली. मधल्या काळात आमच्या सह्याद्रीतील भटक्यांनी खताची रिकामी प्लास्टिकची पिशवी पाठपिशवीत अस्तरासारखी घालून पावसाळे काढले. शेतकऱ्याने तर त्याच पिशवीची खोळ केली. ही हौस नव्हे, गरजेची कारागिरी होती.

येलहंक्यात बसून हे लिहिताना एक जुना प्रसंग आठवल्याखेरीज राहत नाही. येथून देवनहळ्ळीकडे जाणारी वाट मराठी माणसाला अपरिचित नाही. येलहंका हे मूळचे केंपेगौडांच्या घराण्याचे ठाणे. १५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडाने बंगळूर वसविले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत शहाजीराजे या प्रदेशात आले व बंगळूर त्यांच्या जहागिरीत पडले. मला येथे सांगायचे आहे ते त्यानंतर दीडशे वर्षांनी घडलेले. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून बंगळूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणवर चालून गेला. अकाली पाऊस सुरू झाला, बैल पटापट मरू लागले, शिधा संपत आला. अखेर वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्याच हाताने निकामी करून इंग्रजी फौज परत फिरली. मेच्या अखेरीस मेलकोट्याजवळ घोडदळ दिसले. शत्रूच आला असे वाटून इंग्रज सावध झाले. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे सैन्य. टिपूच्या स्वारांनी वाटेतले सारे जासूद अडविल्यामुळे मराठे इतके जवळ आल्याचा पत्ताच इंग्रजांना नव्हता. आणि त्या मराठी छावणीच्या बाजारात धान्यापासून शालींपर्यंत व विलायती बनातीपर्यंत सारे काही विकत मिळत होते. भाव अर्थात चढे होते. बाजार तो बाजारच.

एकाच पावसाखाली एक फौज उपाशी व दुसरी भरल्या बाजाराची, हा फरक कशाने पडला? सारे श्रेय कोरड्या गोण्यांना देणे अतिरेकाचे होईल. बैलांची निगा, मागून येणारे वंजाऱ्यांचे तांडे ही कारणे मोठी. तरी वंजाऱ्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्याचे ओझे शेकडो लहान गोण्यांत विभागलेले, बैलामागे एक जोडी. मुक्कामावर गोण्यांची थप्पी रचायची व वर कांबळी किंवा कातडी ओढायची. एखादी गोणी भिजली तर ती एकटीच कुजे, तांड्याचा शिधा वाचे. भाच्याला एका मोठ्या थैलीऐवजी पाच लहान थैल्या का, असे विचारले तेव्हा त्याने नेमके हेच उत्तर दिले. "मामा, एक फाटली तरी चार उरतात." शिवाय ओला तंबू परतताना वेगळ्या थैलीत कोंडता येतो, पाणी बाहेर ठेवणारी थैली ते आतही डांबून ठेवते, याचा असा उपयोग.

मात्र याच गुणात तिचा दोषही आहे. ओलसर कपडा हवाबंद थैलीत घातला तर दोन दिवसांत त्याला बुरशीचा वास येतो. पॉलियुरेथेनचा लेप तर आपल्या उष्ण व दमट हवेत काही वर्षांत स्वतःच चिकट होऊन सुटू लागतो. तोंड घट्ट बांधले म्हणजे काम संपले, असे समजणारा फसतो. हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी सूचना आहेत. दारू भांड्यांत भरून मोहोरबंद ठेवावी. पण तेवढ्यावर न थांबता हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण इत्यादी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. कोरडेपणा ही एकदा साधून विसरण्याची स्थिती नसून वरचेवर करण्याची चाकरी आहे, हे त्या राजनीतिज्ञाने ओळखले होते. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या बदलीनंतर कागदांची पेटी उन्हात उघडली असेल?

हा प्रश्न केवळ गृहव्यवस्थेचा नाही. शहाजीराजांचा बंगळूरचा दरबार किती समृद्ध होता, हे जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'वरून दिसते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु त्या दरबाराचे स्वतःचे दफ्तर आज आपल्या हाती नाही. शहाजीराजांची जी पत्रे मिळतात त्यांतील पुष्कळशी मावळातील देशमुख-देशपांड्यांच्या घरी सापडली. जे कागद थैलीत बसून घाट चढून गेले ते राहिले. जे येथेच मुक्कामाला होते त्यांचे काय झाले, याची कल्पनाच करावी. दफ्तरे जाळणारी आग व लूट यांविषयी इतिहासकार पुष्कळ लिहितात. ओल आणि वाळवी यांची बखर मात्र कोणी लिहिली नाही.

आता त्या भिजलेल्या बासनाविषयी. स्नेह्यांच्या पत्नीने एकेक ताव हलक्या हाताने सुटा करून टिपकागदांत ठेवला आणि पंख्याखाली वाळत घातला. कागद जुना हातकागद होता, खळ देऊन घोटलेला. तो फुगला, पण फाटला नाही. शाईचे आश्चर्य मात्र निराळे. जुन्या काळी काजळाच्या शाईत लाख व टाकणखार कढवून घालीत, म्हणजे वाळल्यावर ती सहसा पाण्याने विरघळत नाही. सातव्या दिवशी मी गेलो तेव्हा जेवणाच्या मेजावर तीसेक ताव मांडले होते. कडेला तपकिरी डाग पडले होते, पण अक्षर जागचे हलले नव्हते. त्यांच्याच शेजारी स्नेह्यांनी चार वर्षांपूर्वी त्या कागदांचे करून घेतलेले देवनागरी लिप्यंतर होते, घरच्या छपाईयंत्रावर छापलेले; त्यावर निळसर ओघळांखेरीज काही वाचता येत नव्हते.

भाचा पुढच्या रविवारी दोन रिकाम्या थैल्या घेऊन आला. कागद पुरते वाळल्याखेरीज त्यांत घालायचे नाहीत, असे मामींनी त्याला बजावले. आणि बासनाचा तांबडा रुमाल धुऊन गच्चीवर उन्हात टाकला होता, तो आणायला त्यालाच पिटाळले.