आयसीयूतल्या मॉनिटरच्या मागे ते नऊ पिनांचं पोर्ट कशासाठी असतं?

आयसीयूत कुणाला भेटायला गेलं की आपली नजर मॉनिटरवरच्या हलत्या रेषांवर खिळते. त्याच्या मागे कुणी डोकावत नाही. अनेक मॉनिटरना तिथे सीरियल पोर्ट असतं. जुन्या कॉम्प्युटरला माउस ज्यात लावायचो, तसंच.

हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, रक्तदाब हे आकडे या पोर्टातून कॉम्प्युटरकडे जातात. नाहीतर नर्सला ठरावीक वेळाने ते चार्टवर हाताने लिहावे लागतात.

बहुतेक ठिकाणी यासाठी आरएस-२३२ हे १९६० सालचं मानक वापरतात. साध्या जोडणीला तीन तारा पुरतात: पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड. दोन्ही यंत्रांचा वेग सारखा हवा, उदाहरणार्थ सेकंदाला ९६०० बिट. पॅरिटीसारखी बाकीची सेटिंगही जुळावी लागते, नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं येतात. एवढं जुळलं तरी आकडे कोणत्या क्रमाने येतात हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. त्यासाठी त्या मॉडेलचं मॅन्युअलच लागतं. पोर्टाच्या आकारावरही जाऊ नका, काही मॉनिटरवर ते हुबेहूब नेटवर्कच्या पोर्टासारखं दिसतं. आणि आर्डुइनो थेट जोडला तर तो जळू शकतो, कारण आरएस-२३२ मध्ये व्होल्टेज उणे १५ ते अधिक १५ पर्यंत जाऊ शकतं.

खरी जोखीम मात्र रुग्णाला असते. मॉनिटरच्या तारा त्याच्या अंगाला लागलेल्या असतात. आपण लावलेला साधा कॉम्प्युटर त्याच साखळीत येतो आणि त्याची गळती केबलमधून मॉनिटरपर्यंत पोचू शकते. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या उपकरणांसाठी आयईसी ६०६०१-१ या मानकात रुग्णापर्यंत जाणाऱ्या गळतीची मर्यादा नेहमीच्या स्थितीत फक्त १० मायक्रोअँपिअर आहे. एवढासा प्रवाह आपल्या बोटाला जाणवणारही नाही! म्हणून मध्ये आयसोलेटर लावतात. त्यातून माहिती प्रकाशाने किंवा चुंबकीय मार्गाने पलीकडे जाते, दोन्ही बाजूंच्या विजेचा थेट संबंध येत नाही. हे काम रुग्णालयाच्या बायोमेडिकल इंजिनिअरचं आहे. यूट्यूब बघून करायचं नाही.

अजून एक गोष्ट हमखास विसरली जाते. केबल निसटली तर काही सॉफ्टवेअर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतं. रुग्णाचा ऑक्सिजन उतरलेला असतो आणि कॉम्प्युटरवर मात्र ९८! त्यामुळे आकड्याशेजारी तो कधी आला ती वेळ दिसायलाच हवी, आणि अलार्म मॉनिटरचाच धरायचा.